पडद्यावरच्या नोटेला कायद्यात जागा द्या

बनावट नोट छापली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७८ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. तिथून चारच कलमं पुढे, कलम १८२ मध्ये, नोटेशी मिळताजुळता दिसणारा कागद छापणं, वापरणं किंवा कुणाच्या हाती देणं हाही गुन्हा ठरवला आहे. त्याची शिक्षा मात्र जास्तीत जास्त तीनशे रुपये दंड, आणि असा कागद कुणी छापला हे पोलिसांना सांगायला नकार दिला तर सहाशे. कलम जुनंच आहे. १९४३ मध्ये ते भारतीय दंड संहितेत ४८९-ई या क्रमांकाने आलं तेव्हा दंड शंभर रुपये होता. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, दंड तिप्पट झाला, बाकी आशय तोच राहिला. कागद कोणत्या कारणासाठी छापला याला या कलमात काहीच महत्त्व नाही. चित्रपट, मालिका, नाटक, जाहिरात यांना त्यात सूट नाही. त्यामुळे चित्रीकरणासाठी छापलेली, दिसायला खऱ्यासारखी असलेली नोटांची प्रत्येक गड्डी कायद्याच्या अक्षराप्रमाणे गुन्हा ठरते. आणि त्याच गड्डीने उद्या कुणी कुणाला फसवलं, तर ती छापून देणाऱ्याला या कलमाखाली द्यावा लागणारा दंड एखाद्या कुटुंबाच्या एका वेळच्या हॉटेलच्या बिलाहून कमी असतो. या व्यवस्थेत प्रामाणिक कला दिग्दर्शकाला संरक्षण नाही आणि लबाड छापखानावाल्याला धाक नाही. पडद्यावरच्या नोटेला कायद्याने लेखी, मोजमाप ठरवलेली जागा द्यावी, आणि त्या जागेबाहेर सापडणाऱ्या नोटेला धाक बसेल अशी शिक्षा ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

हा प्रश्न मुंबईने सोडवायला हवा, कारण त्याची दोन्ही टोकं याच शहरात आहेत. रिझर्व्ह बँकेचं मुख्यालय फोर्टात शहीद भगतसिंग मार्गावर आहे. तिथून उत्तरेला निघालं की गिरगाव लागतं, जिथल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्याचं चित्रीकरण दादरला, फाळके राहत होते त्या बंगल्यात झालं होतं. परळला १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर उभारलं, दादरला त्याआधीपासून रणजित स्टुडिओ होता. आपला पहिला चित्रपट ज्या कथेवर बेतला तिचा कणाही पैसा हाच आहे. विश्वामित्राची दक्षिणा फेडण्यासाठी हरिश्चंद्र बायकोमुलाला आणि स्वतःला विकतो, आणि मुलाच्या चितेचा कर द्यायला तारामतीकडे काही उरलेलं नसतं. पडद्यामागेही तेच चाललं होतं. विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. पैसा नसलेली माणसं आणि पैशाने बदललेली माणसं हा मराठी चित्रपटाचा पहिल्या दिवसापासूनचा विषय आहे, म्हणून पडद्यावर पैसा कसा दिसतो ही किरकोळ बाब नाही. तरी शंभराहून अधिक वर्षांत या धंद्याला आणि नोटांची जबाबदारी असलेल्या बँकेला जोडणारी एक ओळसुद्धा संहितेत आलेली नाही.

रंगभूमीवर ही अडचण फारशी जाणवली नाही. गिरगावात साहित्य संघाच्या नाट्यगृहात किंवा दादरला शिवाजी मंदिरात दहाव्या रांगेतल्या प्रेक्षकाला नोटेवरचं चित्र दिसत नाही. नटाने ती ज्या हाताने मोजली, ज्या घाईने खिशात कोंबली, त्यावरून तो तिची किंमत ओळखतो. कॅमेरा इतका उदार नसतो. क्लोज-अपमध्ये नोटेवरचा पांढरा पट्टा, आकड्याचा रंग, कागदाची सुरकुती सगळं दिसतं, आणि प्रेक्षक ती नोट रोज हाताळत असतो. म्हणून प्रॉपर्टी सांभाळणाऱ्यांनी आपापले तोडगे काढले. गड्डीच्या वर-खाली एकेक खरी नोट आणि मध्ये त्याच मापाचे कोरे कागद, हा सर्वात जुना. दुसरा, फक्त एका बाजूने छापलेली नोट. तिसरा, ‘मनोरंजन बँक’ किंवा ‘चिल्ड्रन बँक’ असं बारीक अक्षरात छापलेली, बाकी हुबेहूब दिसणारी नोट. व्यापाराच्या डावातल्या नोटा आणि चुरणाच्या पाकिटातल्या नोटा याच कुळातल्या, फक्त त्यांना कुणी खरं मानत नाही. यातल्या पहिल्या तोडग्याची बाजू घ्यावीशी वाटते, कारण त्यात वजनही खरं असतं. आजच्या पाचशेच्या नोटांत एक कोटी म्हणजे वीस हजार नोटा, दोनशे गड्ड्या, साधारण वीस किलो. पाच कोटी म्हणजे शंभर किलो. एवढी बॅग एका हाताने उचलून नायक जिना उतरतो तेव्हा चित्रपट प्रेक्षकाच्या रोजच्या अनुभवाशी खोटं बोलत असतो. पैशाचा आकार आणि वजन यांना या शहरात किती अर्थ आहे हे १९९३ मध्ये देशाने पाहिलं. त्या जूनमध्ये हर्षद मेहता आणि राम जेठमलानी यांनी मुंबईतल्या पत्रकार परिषदेत पंतप्रधानांना एक कोटी रुपये दिल्याचा आरोप केला, आणि एक कोटी एका सुटकेसमध्ये मावतात का, यावर देशभर वाद झडला. लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणणाऱ्या शहराला पैसा किती जागा व्यापतो हे सांगावं लागत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: नकली नोटांची गरजच काय, खऱ्या वापरा. मोठ्या निर्मात्याला बँकेतून रोकड काढून, पहारा ठेवून, मोजून परत करणं कदाचित जमेल. मराठी चित्रपटाचं अंदाजपत्रक पाहिलं तर पडद्यावर जितकी रोकड दाखवायची तितक्या पैशांत तो अख्खा चित्रपट उभा राहतो. ही अडचण पैशाने तरी सुटते. कायद्याची अडचण पैशानेही सुटत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर २०१७ मध्ये झालेल्या कायद्याने बाद झालेल्या पाचशे आणि हजाराच्या दहाहून जास्त नोटा बाळगायला बंदी केली. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी पंचवीसपर्यंत मुभा आहे, त्यापलीकडे दंड दहा हजार रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यातला जो जास्त असेल तो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या मुंबईवर चित्रपट काढायचा आणि जुन्या हजाराची एक गड्डी दाखवायची, तर त्या शंभर खऱ्या नोटा जवळ ठेवण्याबद्दल पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खरी नोट वापरणं गुन्हा, तिच्यासारखी छापणंही गुन्हा. अलीकडच्या इतिहासावर चित्रपट काढणाऱ्याने जायचं कुठे?

गिरणगावाच्या कथांत तर ही अडचण आणखी मागे जाते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाआधीचा लालबाग-परळमधला पगाराचा दिवस दाखवायचा असेल, तर पाकिटातल्या नेहमीच्या नोटांवर अशोकस्तंभ हवा. वीसची नोट १९७२ मध्ये आणि पन्नासची १९७५ मध्ये आली, म्हणून त्या चालतील. पाचशेची चालणार नाही, ती १९८७ मध्ये आली. महात्मा गांधी मालिकेतल्या नोटा तर १९९६ पासूनच्या. शंभराची नोट हीच तेव्हा हातात येणारी सर्वात मोठी नोट होती, कारण १६ जानेवारी १९७८ ला हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा बाद झाल्या होत्या. संपाच्या महिन्यांत घरातली शंभराची शेवटची नोट मोडताना त्या बाईच्या मनात काय होत असेल, हे नटीने दाखवायचं असतं. पण तिच्या हातात गांधीजींची नोट दिसली की लालबागमध्ये आयुष्य काढलेल्या प्रेक्षकाचा त्या प्रसंगावरचा विश्वास तिथेच उडतो. त्या काळातल्या खऱ्या, चांगल्या अवस्थेतल्या नोटा आता संग्राहकांकडे मिळतात, ठोकभावाने नाही. म्हणजे काळ इमानाने उभा करायचा तर नक्कल छापावीच लागते, आणि ती जितकी इमानाने छापावी तितकी ती कलम १८२ च्या जवळ जाते.

खऱ्या नोटा वापरायला माझा विरोध आणखी एका कारणासाठी आहे. आपल्याकडे नोट पडद्यावर आली की ती पुष्कळदा उधळली जाते. दौलतजादा ही तमाशातली जुनी रीत. नोट पुढे करणाऱ्याचं नाव फडावर पुकारलं जातं, आणि ते पैसे कलावंतिणीच्या संसाराला लागतात. लालबागच्या हनुमान थिएटरात मधुकर नेराळे यांनी तमाशाचे फड आणले, तेव्हा समोर बसणारा प्रेक्षक गिरणी कामगार होता, आणि त्याच्या हातातली नोट दिवसभर साच्यावर उभं राहून मिळवलेली होती. ‘पिंजरा’पासून ‘नटरंग’पर्यंत मराठी पडद्याने तमाशाचं जग पुन्हा पुन्हा उभं केलं. लोकप्रिय चित्रपटांत मात्र दौलतजादातली देण्याची रीत मागे पडली आणि उधळण्याची पुढे आली. वास्तवातही तीच गत झाली. हारांसाठी, मंडपाच्या सजावटीसाठी आणि अंगावर उधळण्यासाठी नोटा वापरू नका, असं आवाहन रिझर्व्ह बँकेने वेळोवेळी केलं आहे. महाराष्ट्रातल्या डान्सबारच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कलाकाराच्या हातात बक्षीस द्यायला मुभा दिली, पण नोटा उधळण्यावरची बंदी कायम ठेवली. हातात देणं आणि अंगावर फेकणं यातला फरक न्यायालयाने नेमका ओळखला. चित्रपटातही तो पाळता येतो. उधळण दाखवायचीच असेल तर जमिनीवर पडून पायाखाली येणारा कागद नकली असावा. ज्याला देशाने आपलं वचन म्हणून छापलं आहे, ज्याच्या मागच्या बाजूला मराठीसह पंधरा भाषांत त्याची किंमत लिहिली आहे, तो कागद प्रकाशयोजनेसाठी तुडवू नये. लालबागच्या राजापुढे जमलेल्या दानाची मोजदाद दरवर्षी दूरचित्रवाणीवर दिसते, तीही खऱ्या नोटांचीच. पण तिथे नोटा मोजून, लावून, बांधून ठेवताना दिसतात, आणि पाहणाऱ्याला त्यामागे हजारो अनोळखी माणसांचे नवस दिसतात.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. ‘चिल्ड्रन बँक’ असं छापलेल्या कागदाने कोण फसणार, एवढ्यासाठी नियम कशाला? फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्लीतल्या संगम विहारमधल्या एका एटीएममधून दोन हजारांच्या अशा चार नोटा बाहेर आल्या. एटीएममध्ये पैसे भरणाऱ्या यंत्रणेतल्या माणसाला त्यात अटक झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये अहमदाबादेत एका सराफाकडून २,१०० ग्रॅम सोनं नेताना १ कोटी ३० लाखांच्या म्हणून ज्या पाचशेच्या नोटा दिल्या गेल्या, त्यांवर गांधीजींच्या जागी अभिनेते अनुपम खेर यांचा चेहरा होता आणि बँकेचं नावही चुकीचं होतं. एकेक नोट हातात घेतली असती तर शाळकरी मुलालाही कळलं असतं. फसवलं ते गड्डीने, तिच्या वेष्टनाने आणि पट्टीवरच्या, बँकेच्या नावासारख्या दिसणाऱ्या नावाने. या दोन प्रकरणांतल्या नोटा चित्रपटासाठी छापल्या होत्या असं माझं म्हणणं नाही. अशा नोटा छापण्याला कुठलीच चौकट नसल्याने मुलांचा खेळ, चित्रपटाची प्रॉपर्टी आणि फसवणुकीचं साधन एकाच यंत्रावर निघू शकतात, हे मात्र त्यांतून दिसतं. चित्रपटाच्या नोटा सेटवरून बाहेर गेल्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. २००१ च्या ‘रश अवर २’साठी लास व्हेगासमध्ये नोटांचा स्फोट चित्रित झाला. उडालेल्या नकली नोटा लोकांनी उचलल्या, त्यांतल्या काही दुकानांत खपवल्याही, आणि अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने त्या बनवणाऱ्या कंपनीचा साठा ताब्यात घेतला. आपल्याकडे दरवर्षी बँकांत दोन लाखांहून अधिक बनावट नोटा पकडल्या जात आहेत. त्यांचा उगम वेगळा, त्यामागची टोळी वेगळी. पण नकलेकडे काणाडोळा करण्याची सवय समाजाला परवडणारी नाही.

इतर देशांनी मोजपट्टी वापरली आहे. अमेरिकेत नोटेचं चित्र एकाच बाजूने छापायचं, आणि ते खऱ्या नोटेच्या तीन चतुर्थांशाहून लहान किंवा दीडपटीहून मोठं हवं. युरोपीय मध्यवर्ती बँकेने एका बाजूच्या नकलेसाठी ७५ टक्क्यांपर्यंत किंवा १२५ टक्क्यांपासून पुढे अशी मापं ठरवली आहेत. हे नियम छापील जाहिरातींसाठी ठीक आहेत, चित्रपटाला पुरेसे नाहीत. माणसाचा तळवा ही सर्वात जुनी मोजपट्टी आहे. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद असते, तिची पाऊणपट नक्कल नटाच्या हातात खेळण्यासारखी दिसते. म्हणून मला वेगळी मांडणी सुचवावीशी वाटते. चित्रीकरणासाठी खऱ्या मापाची नोट छापायला परवानगी द्यावी, पण फक्त एका बाजूने. मागची बाजू कोरी, आणि तिच्यावर आडवं, ठळक, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत ‘चित्रीकरणासाठी’ असं छापलेलं. सगळ्या नोटांवर एकच ठरलेला क्रमांक, खऱ्या मालिकेत कधीच न येणारा. चमकता धागा किंवा रंग बदलणारी शाई यांची नक्कल पूर्ण बंद. आणि अहमदाबादने शिकवलेली गोष्ट म्हणजे, गड्डीच्या पट्टीवर कोणत्याही खऱ्या बँकेचं किंवा तिच्यासारखं दिसणारं नाव नको. बाद झालेल्या जुन्या मालिकांसाठी याहून सैल नियम चालतील, त्या आज कुणाला बाजारात खपवता येणार नाहीत. यासाठी संसदेने कलम १८२ ला एक स्पष्टीकरण जोडावं, रिझर्व्ह बँकेने मापं जाहीर करावीत, आणि त्या मापांबाहेरच्या नकलेसाठी तीनशे रुपयांचा दंड बदलून कैदेची तरतूद करावी. छपाईतली कोणती नक्कल धोक्याची आणि कोणती निरुपद्रवी हे सांगणारे जाणकारही महाराष्ट्रातच आहेत. नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत.

हे वाचून छोटा निर्माता म्हणेल की आणखी एक परवाना, आणखी एक खिडकी, आणखी एक हेलपाटा. ही भीती खरी आहे. चित्रीकरणाच्या परवानग्यांनी मराठी निर्माता आधीच थकलेला असतो. म्हणूनच मी परवाना मागत नाही, मापं मागतो आहे. नियम जाहीर असला आणि नोट त्यात बसत असली की कुणाच्या दारात जायचं कारण नाही. गोरेगावच्या चित्रनगरीतून काम करणारं महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ परवानग्यांचे जे अर्ज घेतं, त्यात किती नकली नोटा छापल्या आणि कुठे छापल्या एवढ्या दोन रकान्यांची भर पुरेशी आहे. उलट आज सेटवर पोलीस आले आणि त्यांनी गड्डी उचलली, तर कला दिग्दर्शकाच्या हातात दाखवायला एकही कागद नसतो. लेखी नियमाचा सर्वात मोठा फायदा त्याच छोट्या निर्मात्याला आहे, कारण वकिलाचा खर्च त्यालाच झेपत नाही. संगणकावर नोटा घालता येतील, मग छापायच्या कशाला, असंही कुणी म्हणेल. उडणाऱ्या नोटांसाठी ते ठीक. पण आई मुलाच्या मुठीत दुमडलेली नोट ठेवते, ती घडी, ते बोटांचं दाबणं, नटाला समोर कागद असल्याशिवाय सापडत नाही.

उरतो हिशेब. चित्रीकरण संपल्यावर छापलेल्या नोटा गोदामात पडून राहतात, एका चित्रपटातून दुसऱ्यात जातात, आणि हात बदलता बदलता त्यांची गणती सुटते. खरा धोका तिथे आहे, आणि त्यावर अवजड यंत्रणा लागत नाही. किती छापल्या, किती वापरल्या, किती परत आल्या, याची एक वही प्रॉपर्टी सांभाळणाऱ्याकडे असावी, आणि काम संपलं की गड्ड्या मोजून कातरून टाकाव्यात. रिझर्व्ह बँक स्वतःच्या मळलेल्या, फाटलेल्या नोटांचं हेच करते. तिच्याकडे त्या तपासून कातरणारी आणि त्या चुऱ्याच्या विटा बनवणारी यंत्रं आहेत. मुंबईतल्या चित्रपटांच्या उरलेल्या नोटा वर्षातून दोनदा मोजून घेऊन तिथेच कातरायची सोय बँकेने करून दिली, तर दादरच्या गोदामातून निघालेली गड्डी उद्या कुठल्या सराफाच्या टेबलावर जाऊन पडेल, ही काळजी कला दिग्दर्शकाच्या मागे राहणार नाही.